घुबडाच्या अकरा बातम्या

समज, एका लांब टेबलावर एकोणीस तारखेचं वर्तमानपत्र उघडं आहे, आणि एक बाई त्यावर लाकडी पट्टी ठेवून ती एकेक ओळ खाली सरकवते आहे. एक स्तंभ संपला की पट्टी दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. तिच्या खुर्चीमागे उभं राहून बघ, पण पाय वाजवू नकोस. ती काहीतरी शोधते आहे.

ती विद्यापीठात पत्रकारिता शिकवते. विद्यार्थी पाठीमागे तिला पट्टीबाई म्हणतात. हे तिला ठाऊक आहे आणि तिची काही तक्रार नाही. खोलीत सुतळीने बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत आणि कपाटात दोनशे बारा वह्या. लोक खरोखर कोणत्या बातम्या वाचतात, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. म्हणून तिने दोनशे बारा घरी एकेक वही दिली. रोज वाचलेली बातमी लिहायची. किती वाचली ते लिहायचं, मथळा, अर्धी की पूर्ण. आणि वाचून काय वाटलं तेही. वही परत आली की तिच्यातली प्रत्येक नोंद त्या त्या दिवसाच्या अंकाशी ताडून बघायची.

"सापडलं का घुबड?" समोरून आकडेशास्त्र्याने विचारलं. प्रकल्पातली सगळी आकडेमोड त्याच्याकडे होती.

"नाही."

"सापडायचं नाही. सकाळी सातला येऊन मी बाहेरगावच्या आवृत्त्यासुद्धा चाळल्या. छोट्या जाहिरातीही." तो जरा ओशाळला. "मला आवडलं होतं ते घुबड."

वही क्रमांक एकशे सत्तेचाळीस कालच आली होती. एकोणीस तारखेची नोंद अशी: मनोऱ्यावरच्या घड्याळात घुबडाने घरटं केलं, म्हणून घड्याळ बंद ठेवणार. किती वाचली: पूर्ण. काय वाटलं: 'योग्य निर्णय. वेळ काय, कुठेही कळते.' वीस तारखेला घुबडाने अंडी घातली. बावीसला घड्याळजीला वर जायची परवानगी मिळाली, पण फक्त मोजे घालून. एकोणतीसपर्यंत अकरा दिवसांत घुबडाच्या अकरा बातम्या, आणि त्यातली एकही कुठे छापलेली नव्हती.

"ही वही बाजूला काढू या," आकडेशास्त्री म्हणाला. "दोनशे अकरा उरतात. काही बिघडत नाही."

"काढायला माझी हरकत नाही. न विचारता काढायला आहे."

बोलता बोलता तिची पट्टी पहिल्या पानाच्या वरच्या बातमीवर थांबली. शहरातला सर्वांत जुना छापखाना बंद होणार होता. तिने वहीचं पहिलं पान उघडलं. वाचकाचं वय अठ्ठ्याहत्तर. काम: खिळे जुळारी, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर जुळवून पान तयार करणारा. एकेचाळीस वर्षं, त्याच छापखान्यात.

"या माणसाने ही बातमी सोडून घुबड वाचलं?" ती म्हणाली. मग तिने वही उजेडात धरली. गोल, ठसठशीत, जपून काढलेलं अक्षर. "आणि हे अक्षर अठ्ठ्याहत्तर वर्षांचं नाही. चल, चपला घाल."

दार दहाएक वर्षांच्या मुलीने उघडलं. आजोबा आत झोपले होते, आईबाबा कामावर गेले होते. बाईच्या हातातली वही बघून ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दोन खुर्च्या ओढून देऊन स्वतः उभी राहिली.

"आजोबांना दिसत नाही ना?" बाईने विचारलं.

"मोठं मोठं दिसतं. अक्षरं नाही दिसत. मी वाचते, ते सांगतात, मी लिहिते."

"आणि घुबड?"

मुलीने टेबलाची कड नखाने खरवडली. "त्या दिवशी पहिल्याच पानावर छापखान्याचं होतं. माझ्याच्याने वाचवेना. ते म्हणाले, काय झालं, गिळलीस का बातमी? मग मी घुबड सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी सकाळी विचारलं, घुबड कसं आहे. मग मी काय करणार?"

"घड्याळजीचे मोजे झकास होते," आकडेशास्त्री म्हणाला. बाईने त्याच्याकडे बघितलं, तसा तो खिडकीबाहेर बघू लागला.

"आजोबांना सांगणार का?" मुलीने विचारलं.

"नाही."

"वही फेकून देणार?"

"फेकणार नाही. पण घुबड मला मोजता येणार नाही." बाईने वही मिटली. "यात तुझ्याआधी माझी चूक आहे. काय वाचलं, किती वाचलं, सगळं विचारलं. कोण वाचून दाखवतं, हे विचारायचं मला सुचलंच नाही."

मुलगी तिसरी खुर्ची ओढून पहिल्यांदा बसली. "मी आता काय करू?"

"ते मला सांगता येत नाही. कुणी काय वाचावं हे आम्ही सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. विचारायची मात्र मुभा आहे." तिने पिशवीतून एकोणीस तारखेचा अंक काढून टेबलावर ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली. "छापखान्याची बातमी तू किती वाचलीस? मथळा, अर्धी की पूर्ण?"

मुलीने अंक स्वतःकडे ओढून त्या बातमीवर बोट ठेवलं.

"मथळा."

बाईने तसं लिहून घेतलं. अंक टेबलावरच ठेवून ती उठली.

जिन्यात आकडेशास्त्र्याने विचारलं, "म्हणजे आता सगळ्या घरी परत जायचं?"

"सगळ्या. कोण वाचून दाखवतं ते विचारायचं."

"दोनशे अकरा घरं."

"दीड महिना लागेल. अहवाल उशिरा जाईल, मी कळवते तसं."

तो दोन पायऱ्या उतरला. मग खिशातून यादी काढून म्हणाला, "याच गल्लीत अजून तीन आहेत. आलोच आहोत तर." आणि दोघं शेजारच्या इमारतीत शिरली.

वर मुलगी उभ्यानेच बातमी वाचत होती. शेवटचा परिच्छेद लहान होता. यंत्रं हलवण्याआधी, महिन्याच्या अखेरच्या तारखेपर्यंत, जुन्या कामगारांना छापखाना आतून बघता येणार होता. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज तीस तारीख होती आणि महिना एकतीसचा.

आतून खोकला ऐकू आला. आजोबा उठून बसले होते. ती अंक घेऊन पलंगावर त्यांच्याशेजारी बसली.

"आलीस? काय म्हणतंय आपलं घुबड?"

"घुबडाचं नाही आजोबा. एक बातमी वाचायची राहिली होती. एकोणीस तारखेची."

"शिळी?"

"हो. पण पूर्ण वाचणार आहे."

आणि ती मथळ्यापासून वाचत गेली. मधली एकही ओळ तिने सोडली नाही. आजोबांची बोटं पांघरुणावर हलत होती, चिमटीत काहीतरी उचलून ओळीत ठेवत असल्यासारखी. ती शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचली तेव्हा बोटं थांबली.

"एवढं परत वाच," आजोबा म्हणाले.

तिने ते परत वाचलं. मग अंकाची घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि पलंगाखाली वाकून त्यांचे बाहेर जायचे बूट शोधू लागली.