ट्रॉलीची बढती

हॉस्पिटलात नवे टेक्नॉलॉजी-साहेब आले आणि महिन्याभरात प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला आला. कोण किती चाललं, कुठे रेंगाळलं, सगळं साहेबांना बसल्या जागी पडद्यावर दिसे. जेवण वाटणाऱ्या मावशी वाकल्या की तो बिल्ला नेमका सूपमध्ये डुबकी मारायचा. शेवटी वैतागून त्यांनी तो ट्रॉलीच्या दांड्याला अडकवला आणि विसरून गेल्या.

ट्रॉलीला उसंत नव्हती. जेवण झालं की चादरी, चादरी झाल्या की औषधांची खोकी. जो तो ढकलून नेई.

एक दिवस साहेबांनी मावशींना बोलावलं. "दिवसाला एकोणीस किलोमीटर चालता तुम्ही! आजपासून तुम्ही सुपरवायझर."

मावशींचे गुडघे दोन जिने चढले की कुरकुरत. शिवाय खोटं त्यांच्या पचनी पडत नसे. "साहेब, बिल्ला ट्रॉलीला होता."

साहेब विचारात पडले. माणूस सरळ होता, अन्याय त्याला खपत नसे. "मग बढती तिचीच. दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय तुम्हाला कसं देऊ?"

ट्रॉलीला केबिन मिळाली, दारावर पाटी लागली. मावशी दोन-दोन ताटं हातात घेऊन चार वॉर्ड पालथे घालू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज विचारत, "हे आजचं की कालचं?"

आठवड्याने साहेबांच्या लक्षात आलं, सुपरवायझर जागची हललेली नाही. ते केबिनमध्ये गेले, समोर खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "काही त्रास होतोय का?" उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी थोरल्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आठ दिवस गार जेवण जेवत होते. त्यांनी गंभीर चेहऱ्याने चाक फिरवून पाहिलं आणि लिहून दिलं: बैठ्या कामाने सांधे आखडलेत. तेल लावावे. दिवसातून तीनदा वॉर्डात फिरवावे, सोबत माहितीचे माणूस हवे.

ते माणूस म्हणून साहेबांनी मावशींना नेमलं. जेवण पुन्हा गरम येऊ लागलं.

पुढे मावशींना भाचीच्या लग्नाला जायचं होतं. रजेवर सुपरवायझरची सही लागे. त्यांनी अर्ज ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि दोन दिवस वाट पाहिली.

"काहीच बोलत नाही ती," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"मौन म्हणजे संमती, मावशी. निघा तुम्ही."

मावशी चांगल्या चार दिवस राहून आल्या.