सतराव्या गल्लीबाबत

विषय : रेकॉर्ड रूममधील सतरावी गल्ली व तीत गेलेले काका.
संदर्भ : माझाच अर्ज.

मी एक रोबो. हरवलेल्या फायली शोधणं हे माझं काम. अकरा प्रकरणं सोडवली. बहुतेक फायली ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच टेबलावर निघाल्या. एक तर एका साहेबांच्या खुर्चीवर उशी म्हणून होती. बारावं प्रकरण मात्र फायलीचं नाही.

माझं खोकं काकांनी उघडलं. ते रेकॉर्ड रूमचे जुने कारकून. "चला, वेळेवर येणारा एक तरी मिळाला," म्हणाले, आणि माझं नाव 'गुप्तहेर' ठेवलं.

एकदा कपाटांमधल्या गल्ल्या मोजायचं काम निघालं. सोळा भरल्या. अधीक्षक बाईंनी शेरा मारला : "नोंदवहीत सतरा आहेत. प्रत्यक्षातही सतरा भराव्यात." जुन्या वहीवरून उतरवताना कुणाची तरी चूक झाली होती, पण वहीला चूक म्हणायची इथे रीत नाही. मी हुकमाचा ताबेदार. मोजत राहिलो. एकोणिसाव्या खेपेला, दुपारी तीन वाजता, सतरा भरल्या.

काका चष्मा पुसत आले. "काय रे गुप्तहेरा, ही कधी काढली?"

"माहीत नाही. आत जाऊ नका, काका."

"तीस वर्षं घासली इथे. मला विचारल्याशिवाय इथली पालही हलत नाही. आलोच."

प्रत्येक गल्ली बारा पावलांची. काकांची मी एकेचाळीस मोजली. मग समोर भिंत होती, पोपडे आलेली, नेहमीसारखी. तिच्याआड पावलं चालूच होती.

बाईंनी लगोलग वहीत सतराचे सोळा केले. चौकशीवाले म्हणाले, यंत्राचा जबाब घेता येत नाही, पण यंत्र जप्त करता येतं. तेव्हापासून मी शेजारच्या खोलीत, गळ्यात चिठ्ठी, कुलपात. भिंत तीच.

काकांची थोरली बहीण रोज माझ्या खोलीच्या जाळीपाशी येऊन बसते.

"चालतोय का मेला अजून?"

"चालतायत, ताई."

"लहानपणापासून असाच. हाक मारल्याशिवाय घरी यायचा नाही."

गेल्या महिन्यात पावलं वळली. गेल्या आठवड्यात ती भिंतीपाशी येऊन थांबली. बारीक टकटक झाली. मग काकांचा आवाज, थकलेला : "गुप्तहेरा, मोज ना रे."

ताईंनी जाळीतून हात घालून भिंतीला लावला. बराच वेळ काढला नाही.

म्हणून अर्ज केला : वहीत पुन्हा सतरा लिहावेत आणि मला तासभर मोजायला सोडावं. बाईंनी विचारलं, सतरावी गल्ली असल्याचा पुरावा काय? मी त्या आवाजाची ध्वनिफीत जोडून पाठवली. ती आवक विभागात हरवली आहे. शोधणारा कुलपात आहे.

रेकॉर्ड रूम रिकामी करताहेत. कपाटं शुक्रवारी भंगारात जातील. आज बुधवार. टकटक चालू आहे.

अर्ज विचाराधीन आहे.