बान्तायचा मालक कोण

आमचा कुम्पारे तासियो मोठा शूर माणूस. कोंबड्यांच्या झुंजीत आरडाओरडा करायला हा पुढं, फिएस्टाच्या जत्रेत संताची मूर्ती खांद्यावर घ्यायला हा पुढं, आणि माझ्या तेसाच्या बाप्तिस्म्याला नीनोंग, म्हणजे धर्मपिता, व्हायलाही हाच पुढं. पोरीला बापासारखा सांभाळीन, असं पाद्रीसमोर बोलला होता. तेव्हापासून तो माझा कुम्पारे, मी त्याची कुमारे. त्याच शूर माणसाच्या कुत्र्यानं पोरीच्या गालाचा लचका तोडला, आणि त्या दिवसापासून हा कुत्र्याला ओळखेनासा झाला.

तेसा सात वर्षांची आहे. मी पहाटे पुतो वाफवून विकते. तांदळाचे ते गरम गरम पुतो नीनोंगला देऊन ये म्हणून मीच तिला पाठवलं होतं. त्याचं फाटक उघडं आणि कुत्रा बान्ताय मोकळा. किंकाळी ऐकून मी धावले, पोरीला उचललं आणि नळाखाली साबण लावून गाल धू धू धुतला. तोवर तासियोची बायको लसूण घेऊन हजर. म्हणे, चोळ, विष उतरतं. नाहीतर त्या जखमेला शिंग लावणाऱ्या म्हाताऱ्याकडं ने, तो विष ओढून काढतो. मी म्हटलं, लसूण तुझ्या कालवणात घाल बाई. आणि रिक्षा करून थेट शहरातलं, कुत्रं चावल्यावर लस देणारं केंद्र गाठलं.

तिथली नर्स दिवीना तोंडाची फटकळ, पण काम चोख. तिनं लस टोचली, जखमेभोवती औषध दिलं, पुढच्या सुयांच्या तारखा सांगितल्या. मग म्हणाली, त्या कुत्र्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही. मालकानं दोन आठवडे बांधून ठेवायचं, खायला घालायचं, लक्ष ठेवायचं. ते धडधाकट राहिलं तर पिसाळलेलं नाही, मग घोर नाही. खर्चही मालकाचाच, कायदाच आहे तसा. मालकानं ऐकलं नाही तर बारांगायच्या, म्हणजे आपल्या वस्तीच्या, कॅप्टनकडं तक्रार करायची. तिथं मिटलं नाही तर कॅप्टन तसं लिहून देतो. त्या कागदाशिवाय कोर्ट दारातही उभं करत नाही.

कोर्टाचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं. मला ते कुत्रं जिवंत हवं होतं. चावा डोक्याच्या जवळ आहे, म्हणून जास्त धोक्याचा, असं दिवीना म्हणाली होती. नवरा जहाजावर, घरात मी आणि पोर.

संध्याकाळी तेसाला घेऊन तासियोकडं गेले. साखळी खांबाला होती, कुत्रं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानंच सुरू केलं. म्हणे, कुमारे, ते कुत्रं माझं कुठं? रस्त्यावरचं आहे, येतं-जातं. मी म्हटलं, अरे वा! नाताळात लाल टोपी घालून तुझ्या मांडीवर बसून फोटो काढला तो मग कोण, तुझा मेहुणा? वर पोरीला काय सांगावं या महाभागानं? तू शेपूट ओढली असशील, म्हणून तो रागावून पळून गेला. सुईला एवढी नाही रडली तेसा, तेवढी त्या बोलण्याला रडली. रोज पुतोचा तुकडा बान्तायला चारायची ती.

मग कॅप्टन गोरिओ. हा आमचा न्यायदाता. रोज संध्याकाळी तासियोच्या ओट्यावर, त्याच्याच ग्लासातून प्यायचा. बारांगायच्या हॉलमध्ये पंख्याखाली, उजवा हात टेबलाखाली ठेवून बसला आणि मला म्हणाला, लुमिंग, नीनोंगवर कोणी तक्रार करतं का? लोक काय म्हणतील? तासियो मोठ्या मनाचा आहे, तांदळाचं पोतं देतोय, घे आणि सही कर. मी म्हटलं, पोतं नको, कुत्रं दाखवा. तर म्हणे, कुत्रंच नाही म्हटल्यावर मालक कुठला? मग द्या कागद, मी कोर्टात जाते. तर पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यात गेले, तर फिएस्टा झाल्यावर ये. माझी सख्खी बहीण मला समजवायला लागली, की जाऊ दे, गावात राहायचंय. राहायचंय म्हणूनच जाऊ देत नाही, म्हटलं.

तेसाच्या पुढच्या सुईला केंद्रावर गेले. बाकावर ही गर्दी. कोपऱ्यात एक माणूस टोपी नाकापर्यंत ओढून, तोंडाला मास्क लावून बसलेला. पोट बघूनच ओळखलं मी. कॅप्टन गोरिओ! उजव्या हाताला भलंमोठं फडकं, आणि लसणाचा वास दारापर्यंत. मी मुद्दाम शेजारीच बसले. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

दिवीनानं त्याला पुढं बोलावलं, फडकं सोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतके दिवस काय करत होतात, विचारलं. मग सगळ्यांना विचारते तेच. कुठला प्राणी, कुणाचा, आता कुठं आहे. कॅप्टन काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. जीव तुमचा आहे."

"कुत्रा. तासियोचा."

"कुठंय?"

"मारला. तेसाला चावला त्याच दिवशी. तासियोनं दोरीनं धरला होता, मी... तेवढ्यात हाताला चावला. नदीत टाकला."

कुत्रं डोळ्यांसमोर असतं तर ते पिसाळलेलं होतं का, हे दोघांनाही कळलं असतं, निदान मेलेलं तरी तपासायला आणायचं होतंत, असं काय काय दिवीना त्याला सुनावत होती. मला पुढचं ऐकूच आलं नाही. डोक्यात सणक गेली. माझी पोर रात्री दचकून उठली की मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसत होते, ताप तर नाही ना म्हणून. आणि हा पंख्याखाली बसून मला मालक कुठला म्हणून विचारत होता.

तेसा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गालावर पट्टी.

"म्हणजे तो माझ्यावर रागावून नव्हता गेला?"

कॅप्टन सुटलेलं फडकं गुंडाळायला लागला. शेवटी दिवीनानंच सांगितलं, नाही गं बाळा. पोरीनं तिच्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं सुईसाठी दंड पुढं केला. हूं की चूं केलं नाही. कॅप्टन मात्र सुई दिसायच्या आतच कण्हायला लागला.

सुया झाल्यावर हा माणूस माझ्याजवळ सरकला. मला वाटलं माफी मागतोय. तर आवाज खाली आणून विचारतोय, "लुमिंग, त्या कायद्यात माझापण खर्च तासियोनंच द्यायचा ना?"

"द्यायचा ना, कॅप्टन," मी म्हटलं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. "पण आधी बारांगायच्या कॅप्टनकडं तक्रार करावी लागते. तो म्हणेल, फिएस्टा झाल्यावर या."

दिवीना हसली, मग सगळा बाक हसला. कॅप्टन उठला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"चल हॉलवर," म्हणाला. "देतो कागद."

उजवा हात सुजलेला, म्हणून सही त्यानं डाव्या हातानं केली. वाकडीतिकडी आली. कोर्टाला चालली.