डोकी मोजली तर बारा

आमच्या डोंगरभटक्यांच्या गटात सगळ्यांच्या मागे चालतो त्याला शेपूट म्हणतात. शेपटाच्या मागे कुणी उरता कामा नये, एवढाच नियम. इंग्लंडातल्या शाफ्ट्सबरीच्या त्या दोन दिवसांच्या भटकंतीत शेपूट मी होते, आणि हरवला तो माझाच नवरा, डेस्मंड.

डेस्मंडला वर्षभर विसरायला होत होतं. हे फक्त मला आणि डॉक्टरांना ठाऊक. गटात सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. "कळलं की मला घरी बसवतील, रोझ," तो म्हणाला होता. तीस वर्षं तोच या गटाला डोंगर दाखवत आलेला. मी गप्प बसले.

शनिवारी दुपारी आम्ही वर असताना धुकं उतरलं. डेस्मंडनं चौथ्यांदा विचारलं, "गाडी कुठे लावलीय आपण?"

माझं डोकं फिरलं. "मला नको विचारूस. पुढे जा आणि ट्रेव्हरला विचार."

तो पुढे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. ट्रेव्हर म्हणजे आमचा आत्ताचा म्होरक्या. पुढच्या कुंपणावर लाकडी पायऱ्या आहेत, तिथं त्यानं एकेकाला पलीकडे सोडत डोकी मोजली. "बारा. सगळे आले." निघालो तेव्हाही बाराच होतो, म्हणून मी निर्धास्त झाले.

अर्ध्या तासानं खालच्या फाटकापाशी थर्मास निघाले. गटातल्या पॉलीननं हिरव्या जाकिटातल्या माणसाला चहा दिला, त्यानं टोपी मागे सारली, आणि चेहरा अनोळखी निघाला.

"मी वाट चुकलो होतो," तो ओशाळून म्हणाला. "वर तुमचा घोळका दिसला, त्यात शिरलो. चालेल ना?"

म्हणजे बारावा हा होता. "मग डेस्मंड कुठेय?" मी ओरडले.

"घाबरतेस काय?" ट्रेव्हर म्हणाला. "डेस्मंडला हा डोंगर पाठ आहे. आपल्या आधी पबमध्ये जाऊन बसला असेल, आणि उशीर केला म्हणून आपल्याच नावानं खडे फोडत असेल."

सगळे हसले. त्या पायऱ्या यायच्या आधी वाटेला लागून खडूच्या दगडाची जुनी खाण आहे. तिचं कुंपण मोडलेलं मी येताना पाहिलं होतं. मी बोलले नसते तर ही मंडळी निवांत चहा संपवणार होती.

"त्याला काही पाठ नाही," मी म्हणाले. "काल रात्री त्याला आमच्या खोलीचं दार सापडलं नाही. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार."

पॉलीननं कप खाली ठेवला. "आधी का नाही सांगितलंस गं?"

कुणी चहा प्यायला थांबलं नाही. हाताला हात लागेल इतक्या अंतरानं रांग धरून आम्ही पुन्हा चढू लागलो. ट्रेव्हर शिट्टी वाजवायचा, मग सगळे श्वास रोखून ऐकायचो. मेंढ्यांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मी चर्चमध्ये फक्त लग्नांना जाते, पण त्या चढावर देवाला इतकं विनवलं की आता आठवलं तरी लाज वाटते. मी त्याला स्वतः पुढे पाठवलं होतं, तेही तोडून बोलून.

तो खाणीपाशीच होता. मोडक्या कुंपणाच्या पलीकडे, कड्याला पाठ करून उभा. टाचेमागे जेमतेम दोन पावलं जमीन. धुक्यातून बाहेर येणाऱ्या एकेकाकडे बोट दाखवत तो आम्हाला मोजत होता.

बाकीच्यांना थांबवून मी हळूहळू जवळ गेले आणि त्याचा हात धरला.

"जपून, बाई," तो म्हणाला. "इथं कडा आहे."

"चल, डेस्मंड. खाली जाऊ."

"एवढ्यात नाही निघायचं. एक माणूस कमी आहे. माझी बायको मागे राहिलीय." तो माझ्या खांद्यावरून धुक्यात बघत होता.

मी त्याला ओढत कुंपणाच्या अलीकडे आणलं. तो लाकडी पायऱ्यांपर्यंत आला, पण तिथंच बसून राहिला, ती आल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. मी हात सोडला नाही. थोड्या वेळानं त्यानं माझी बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळली.

"तुमचे हात फार गार पडलेत, बाई. रोझचेही असेच पडतात."