बोटभर फट

"टेप म्हातारी झाली की माणसासारखीच सैल होते गं पोरी. खोटं बोलायला लागते. पण तिचं खोटं सगळ्यांशी सारखं असतं, म्हणून भ्यायचं नाही. हिनं माप घेतलंस तर हिनंच काप. दुसऱ्याच्या टेपेशी हिची गाठ पडू देऊ नकोस. पडली, की मेलीस."

आत्या जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तिचा हा आवाज मात्र टेलरबाईच्या गळ्यातल्या टेपेत राहायला आला होता. पिवळी, कडेनं विसविशीत झालेली टेप. सुरुवातीचे आकडे बोटांनी चाचपून चाचपून पुसून गेलेले. आत्यानं तिला कापायला शिकवलं ते याच टेपेवर, आणि शिकवताना ती मशीनच्या ठेक्यावर काहीबाही गुणगुणायची:

सुई गं सुई, वाट काढ बाई,
दोऱ्याला सांग, मागे फिरायचं नाही.

त्या सकाळी नवऱ्यानं हात पुढे केला तेव्हाही आत्या कानाशी बोललीच होती.

"अगं, तुझी टेप दे जरा. जागा मोजायची आहे."

जागा म्हणजे खिडकीखालची. एका बाजूला भिंत, एका बाजूला खांब आणि मधे तिचं शिलाईमशीन. घरात सकाळचा उजेड यायचा तो तेवढ्याच तुकड्यात. नवरा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्यांवर नजर ठेवायच्या कामावर होता. कुठला ट्रक कुठं अडकला, कुठला ड्रायव्हर फोन उचलत नाही, हे बघायचं. कंपनीनं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना घरी बसून काम करा म्हणून सांगितलं. त्याला तीन स्क्रीन लागणार होत्या. एकीवर नकाशा, एकीवर गाड्यांची यादी, एकीवर निरोप. आणि तिन्ही जिच्यावर उभ्या राहतील अशी फळी.

"मशीन कुठं ठेवू मग?" तिचं आधीच विचारून झालं होतं.

"पॅसेजमध्ये. ट्यूब लावून देतो की."

"काळ्या कापडावर काळा दोरा ट्यूबखाली दिसत नाही हो."

"तात्पुरतं गं. टेबल एकदा बसू दे, मग बघू."

तात्पुरतं हा त्या घरातला सगळ्यात टिकाऊ शब्द होता. नवऱ्याची आई तात्पुरती म्हणून धाकट्या दिराकडे गेली ती तिकडेच वारली. न्हाणीघराच्या दाराला तात्पुरती बांधलेली सुतळी काळी पडून लाकडासारखी झाली होती.

तिनं टेप गळ्यातून काढली आणि त्याच्या हातात दिली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून काही बोलता आलं नाही. पुढे ती स्वतःला असंच सांगायची. पण ओठांतल्या टाचण्या काढायला असा कितीसा वेळ लागतो?

त्यानं जागा मोजली. मग तिन्ही स्क्रीनची रुंदी मोजली, त्यांना धरणारे लोखंडी खांब बसवायला भोकं कुठं पाडायची ते मोजलं. एक आकडा लिहिताना तो शीळ घालत होता. तिला वाटलं, सांगावं. मग तिनं मशीनकडे पाहिलं. त्याला झाकण घालून, पाय दुमडून, कोपऱ्यात ढकलून ठेवलं होतं, पाहुण्यांसमोर गप्प बसवलेल्या म्हातारीसारखं. तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

फळी कापायची होती तिच्या भावानं. दादा सुतार. त्याचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला होता, "मी येऊन माप घेतो की." नवरा म्हणाला, "कशाला दादा, मी पाठवतो. तुम्ही फक्त कापा."

दादानं कापली. पोलादी टेपेनं, त्याच्या नेहमीच्या हातानं. हातगाडीवरून फळी आली. गुळगुळीत, कडा गोल केलेली, बोट फिरवलं तर काच वाटावी अशी.

आणि बसली नाही.

म्हणजे बसली, पण भिंतीशी बोटभर फट राहिली. खांबांची भोकं जवळ आली, म्हणून तिन्ही स्क्रीन एका रेषेत मावेनात. तिसरी मधलीच्या कडेवर चढायची. नवऱ्यानं फळीला टेप लावली. तिचीच. मग चष्मा पुसून परत लावली.

"बघ! लिहून दिलं होतं त्याच्यापेक्षा बोटभर कमी. दाखवू का मोजून?"

"बघितलं," ती म्हणाली.

जी टेप जागेशी खोटं बोलली होती, तीच आता फळीशी खोटं बोलत होती. आत्या म्हणाली होती तसंच, सगळ्यांशी सारखं. जागा खरी होती, फळी खरी होती, आणि मधे ही सैल पिवळी बाई दोघांच्या भांडणात साक्ष देत उभी होती.

नवऱ्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दादा, टेबल आखूड आलं हो."

"असं कसं होईल जावईबापू? दोनदा मोजून कापलंय मी."

"आता तुमच्यासमोर मोजतोय. बोटभर कमी आहे."

पलीकडे रंधा चालल्याचा आवाज होता. तो थांबला.

"परत एकदा मोजता का?"

मोजलं. बोटभरच.

पलीकडे दादानं रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मग माझाच डोळा चुकला असेल. हल्ली जवळचं जरा पुसट दिसतं खरं. पाठवा परत, नवी करून देतो."

"राहू दे आता. वायरी जोडून झाल्यात," नवरा म्हणाला. नवी फळी नको होती असं नाही. पण दुसऱ्याची चूक घरात असणं त्याला आवडलं होतं. आपल्या चुकीसारखी ती बोचत नाही, आणि चारचौघांना दाखवता येते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलली नाही. दादा रागावला असता, भांडला असता, तर तिनं तोंड उघडलं असतं. त्यानं मुकाट्यानं मान्य केलं, आणि तिथंच तिचं तोंड शिवलं गेलं.

सुरुवातीला तर तिला गोडच वाटायचं. ती पॅसेजमध्ये ट्यूबखाली बसलेली असायची, डोळे बारीक करून सुईच्या नेढ्यात दोरा शोधत, आणि आतून आवाज यायचा, टक्. पेन गेलं फटीत. टक्. स्क्रू गेला. मग नवऱ्याचं पुटपुटणं, खुर्चीची चाकं, आणि टेबलाखाली शिरताना आदळलेल्या डोक्याचा धप्प आवाज. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. खिडकीनं तिच्या वतीनं घेतलेला सूड, असं तिला वाटायचं.

सुट्टी आली की नवरा टेबलाच्या नादी लागायचा. कधी फळी भिंतीकडे सरकव, तर मग खांबाशी फट. कधी तिसरी स्क्रीन तिरपी कर, तर मान दुखायची. स्क्रीनमागं निळ्या दिव्यांची पट्टी लावली. कीबोर्डाला सरकता खण केला. खुर्चीच्या पाठीला उशी, उशीला खोळ, खोळीला नाडी; ते सगळं तिनं शिवायचं.

"टेलरबाई, वायरींना झबली शिवा आता!" तो टेबलाखालून ओरडायचा.

तिनं उरलेल्या काळ्या कापडाच्या लांब नळ्या शिवल्या. काळ्यावर काळा दोरा. टीप वाकडी गेली. तिनं उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. त्यानं वायरी आत भरल्या आणि मागे सरून बघत म्हणाला, "वा! आता कसं ऑफिस वाटतंय." टिपेकडे त्याचं लक्ष गेलं नाही. खालची बाजू होती ती.

एवढं सगळं होऊनही तिन्ही स्क्रीनमधून एक सरळ रेघ काही जाईना. नकाशावरचा रस्ता एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना दोन सूत तुटायचाच. तो रोज तो तुटलेला रस्ता बघायचा आणि रोज चिडायचा.

कुणी आलं की मात्र तो टेबल दाखवायला घेऊन जायचा. दिवे लावायचा, खण सरकवून दाखवायचा.

"आणि ही फट हो?" समोरच्यानं विचारलंच पाहिजे असा तो उभा राहायचा.

"ही? ही आमच्या मेहुण्याची सही!"

सगळे हसायचे. ती चहा देताना हसायची. हळूहळू ती गंमत आळीत फिरली. शेजारचे काका दादाकडून कपाट करून घेणार होते, त्यांनी दुसरीकडे दिलं. "मापात चुकतो म्हणे तुमचा भाऊ," काकू तिलाच म्हणाल्या, आणि घेरात सैल झालेला आपला झगा तिच्या हातात दिला. "हे बघा ना जरा. तुमचं माप कसं अगदी नेमकं असतं."

दादा यायचा बंद झाला. भांडून नाही. काम आहे, गुडघा दुखतो, पुढच्या आठवड्यात येतो, असं करत करत.

मग एक दिवस दुपारी वहिनी आली. दादाच्या दोन पँटी घेऊन. पॅसेजमधल्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "कमरेत घ्यायच्यात."

"वाळला का एवढा?"

"जेवतात कुठं धड? बसून असतात." वहिनीनं मशीनचं चाक उगाच फिरवलं. "करवत हातात धरत नाहीत आता. कापायला गडी ठेवलाय. गडी कापतो आणि हे शेजारी उभे राहून टेप लावतात. एकदा, दोनदा, परत. गडी वैतागतो हो. कालच म्हणाला, मालक, लाकूड आहे, दर वेळी मोजून काय वाढणारेय?"

"डोळे दाखवायचे."

"दाखवले की. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, सख्ख्या बहिणीच्या घरी बोटभर चुकलो मी." वहिनी हसल्यासारखं करून थांबली. "दुकान देऊन टाकतायत. घेणारा बघून गेला परवा."

टेलरबाईच्या हातातली पँट तशीच राहिली. आतून आवाज आला, टक्. काहीतरी फटीत पडलं.

"घ्या! गेलं परत!" आतून नवरा ओरडला. "वहिनी, सांगा दादांना, फट अजून भुकेलीच आहे म्हणावं!"

वहिनीनं आतल्या दाराकडे बघितलं नाही. उठली, पदर सारखा केला. "पँटी झाल्या की कळवा. घाई नाही काही. ते कुठं जात नाहीत."

ती गेली. टेलरबाईला त्या दुपारी एकही टीप सरळ घालता आली नाही, आणि त्यात ट्यूबचा दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पॅसेजमध्ये आला. खुशीत होता.

"चौथी स्क्रीन देतायत कंपनीवाले. आता हे टेबलच काढून टाकतो. एल आकाराचं करायचं. दारापर्यंत येईल. या खेपेला थेट कारखान्यातून मागवतो, सुताराची करामत नको."

"दारापर्यंत म्हणजे? इथून जायचं कसं मग?"

"तेच म्हणतो. हे मशीन जिन्याखाली हलवू. तात्पुरतं." त्यानं हात पुढे केला. "टेप दे."

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं एक काढली, टाचण्यांच्या गादीत खोचली. दुसरी काढली, खोचली. तो हात पुढे करून उभा होता. सगळ्या काढून झाल्यावर ओठ मोकळे मोकळे, परके वाटले.

"हिनं मोजू नका," ती म्हणाली. "ही खोटी आहे."

"म्हणजे?"

तिनं कापडावर रेघा मारायची लोखंडी पट्टी काढली, मशीनच्या पाटावर ठेवली आणि टेप तिच्या कडेनं अंथरली. पहिले दिसणारे आकडे शेजारी शेजारी आले. मग टेपेचे आकडे हळूहळू पुढे सरकायला लागले, जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखे. पट्टी संपली तरी टेपेचा तोच आकडा यायचा होता. तो पट्टीच्या बाहेर उघड्यावर जाऊन पडला.

तो वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा आकडेमोड करत होता. जागा, मग फळी, मग फोन.

"तेव्हाही अशीच होती?"

"आत्याच्या गळ्यात होती तेव्हाही अशीच होती."

"वर्षभर मी त्या टेबलाशी झगडतोय, डोकं फोडून घेतोय, आणि तू इथं बसून मजा बघत होतीस?"

"हो."

"का पण?"

"उजेड नव्हता ना. दुसरं काय बघणार?"

"अगं, सांगायचं नाही का तेव्हा!"

"तुम्ही टेप मागितलीत," ती म्हणाली. "मला कुठं काय विचारलंत?"

तो आत गेला. खुर्ची करकरली. तिन्ही स्क्रीन चालू होत्या. छोटे छोटे ट्रक तुटक्या रस्त्यावरून मुंगीच्या चालीनं सरकत होते. एका ड्रायव्हरला फोन लावलेला होता आणि तो उचलत नव्हता.

तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. नवऱ्याला सांगणं सोपं होतं. त्यात थोडी चवच होती. खरं सांगायचं होतं ते दुसऱ्या टोकाला, लाकडाच्या भुशात बसलेल्या माणसाला. दोऱ्याला सांग, मागे फिरायचं नाही. तिनं फोन उचलला.

"बोल गं," दादाचा आवाज आला. मागे रंध्याचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता. "पँटी झाल्या का?"

"दादा, तुझी फळी बरोबर होती. माझी टेप सैल आहे. आत्याची. तिनंच यांनी जागा मोजली, तिनंच फळी मोजली. तू सुतानंसुद्धा चुकला नव्हतास."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज. मग श्वास. तिला वाटलं, तो हसेल, शिवी देईल, अगं वेडे म्हणेल.

"आत्याची टेप," दादा हळू म्हणाला. "ती सैल आहे हे तुला माहीत होतं की. आत्या तुला रोज सांगायची. मी बाहेर पायरीवर बसून ऐकायचो."

"हो."

"मग तुला कळलं कधी, की माझं चुकलेलं नाही?"

मशीनच्या पाटावर टेप पडली होती, पट्टीच्या शेजारी, तिचा आकडा अजून पट्टीच्या बाहेरच. आतल्या खोलीतून खिडकीचा उजेड दारापर्यंत आला होता आणि तिथंच थांबला होता.

"पहिल्या दिवसापासून, दादा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला."