खिळ्याशिवायचा सांधा

पाहुण्याला पाहुणा म्हणायला लागून आता सव्वीस वर्षं झाली. अहो, सव्वीस वर्षं कुठला पाहुणा राहतो? पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. सीमेपलीकडची लढाई चार महिन्यांत मिटेल आणि हे लोक आपापल्या घरी जातील, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. ते लोक स्वतःसुद्धा. लढाई मिटली, पण तोवर परत जायला घरंच उरली नव्हती. पाहुणा फर्निचरच्या कारखान्यात फळ्या वाहत राहिला, आणि येत्या शुक्रवारी तो रिटायर होणार होता.

सोमवारी सकाळी पाहुण्याची मुलगी मुकादमाकडे आली. ती कारखान्याच्याच ऑफिसात टायपिंग करायची. तिच्या हातात एक कागद होता.

"काका, नवा नियम निघालाय," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्या ज्या माणसांच्या हातात कसब होतं, पण ज्यांना हमालीला लावलं, त्यांना आता कारागिराची पेन्शन मिळणार. मुकादमाचं लेखी आणि हातच्या कामाचा एक नमुना, एवढंच लागतं. बाबा तिकडे सुतार होते, असं आई सांगायची. पण विषय काढला की बाबा उठून जातात. आणि त्यांची बोटं तुम्ही बघताच. आता नमुना कुठून आणायचा? शुक्रवारनंतर अर्ज घेणार नाहीत."

"बघतो," मुकादम म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नमुना त्याच्या कपाटात होता. खालच्या खणात, जुन्या कोटात गुंडाळलेला.

त्या कारखान्यात तेव्हा एक रीत होती. नवा माणूस आला की त्याला दोन लाकडं, पटाशी आणि करवत द्यायची आणि सांधा करायला सांगायचं. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. काम पसंत पडलं तर दुसऱ्या दिवशी तो सांधा दारावरच्या लांब फळीवर मांडलेला दिसायचा. नापसंत पडला तर शेगडीत जायचा. माणसाने सकाळी येऊन फळीकडे बघायचं आणि काय ते समजून घ्यायचं.

मुकादम तेव्हा मुकादम नव्हता, साधा सुतार होता. मोठे मिस्त्री आजारी, म्हणून परीक्षा घ्यायचं काम त्याच्यावर आलं होतं. दारात सीमेपलीकडून आलेली चाळीस माणसं उभी होती. कारखान्यात एकच कुजबुज चालली होती, की हे आता आपल्या पोटावर पाय देणार, निम्म्या मजुरीत राबतील आणि आपण बसू टाळ्या वाजवत. घरी त्याला दोन पोरं आणि बायकोला सातवा महिना.

पाहुण्याने उसन्या पटाशीने पाऊण तासात सांधा केला. ना खिळा, ना चिकटवायला सरस. दोन लाकडं एकमेकांत अशी बसली, की जोड कुठे आहे ते बोटालाही लागेना. मुकादमाने तो हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. असं काम त्याला जन्मात जमलं नसतं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. रीतीप्रमाणे त्याने खाली पेन्सिलीने तारीख घातली, सही केली. मग यादीत पाहुण्याच्या नावापुढे लिहिलं, हमाल. सांधा फळीवर काही गेला नाही. पण शेगडीत टाकायलाही त्याचा हात धजला नाही. कितीही झालं तरी सुतारच होता तो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं सगळं. कुणाच्या पोटावर कुणी पाय दिला नाही. उचलायला, वाहायला, घासायला चाळीस जोड्या हात मिळाल्यावर मालकाने दुसरी पाळी काढली. दुसऱ्या पाळीला मुकादम हवा, आणि तो भाषा येणारा, इथलाच हवा. इथले हमाल मशिनवर गेले, मशिनवरचे ऑफिसात गेले, त्यांची पोरं तर शिकून कुठच्या कुठे गेली. ज्यांना घाबरून याने पेन उचललं, त्यांच्याच जिवावर हा खुर्चीत बसला. आणि पाहुणा? पाहुणा फळ्या वाहत होता. मोठे मिस्त्री वारले, त्यांच्या मागे सांधा करणारा कुणी राहिला नाही, सगळीकडे स्क्रू आले. दारावरची फळीही रंगाच्या वेळी काढून टाकली.

त्या सोमवारी रात्री जेवताना मुकादमाने पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "खाली तुमची सही आहे. तो नमुना वर गेला की साहेब विचारणारच, कुणी दडवलं हे? तुमचंही एकच वर्ष राहिलंय. सगळी अब्रू घालवाल."

"आणि त्याचं काय?"

"ते मला काय विचारता?" ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. भांडी घासताना रडत होती, हे त्याला ऐकू येत होतं.

मंगळवारी दुपारी पाहुणा लाकडाच्या ढिगाऱ्याशी डबा उघडून बसला होता. पाठ वाकलेली, बोटं आकड्यासारखी आत वळलेली. मुकादम शेजारी बसला आणि त्याने कोटाची गुंडाळी सोडून सांधा त्याच्यापुढे धरला.

पाहुण्याने हात पुसले. सांधा घेतला, उजेडाकडे धरला, जोडावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला इतके घट्टे पडले होते, की त्याला काही लागलं नसावं. म्हणून त्याने सांधा गालाला लावून बघितला.

"चांगला हात आहे," तो म्हणाला. "कुणाचा?"

मुकादमाने सांधा उलटा केला. पाहुण्याने तारीख वाचली, आणि मग पुन्हा वाचली.

"मला वाटलं, जाळला."

"मी लपवला. मी घाबरलो रे. तू माझ्यापेक्षा चांगला होतास म्हणून हमाल लिहिलं. हे बघ, सगळं लिहून आणलंय, सहीसकट. आत्ता वर साहेबाला नेऊन देतो. माझं काय करायचं ते करू देत. तू मला शिव्या दे, मार, काहीही कर."

पाहुण्याने शिवी दिली नाही. मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मुकादमाला पुढे कायम वाटत राहिलं.

"दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो होतो," पाहुणा म्हणाला. "फळीवर सगळीकडे बघितलं. म्हटलं, इथले सुतार फार मोठे दिसतात, आपलं काम यांच्यापुढे काहीच नाही. लाज वाटली. त्यानंतर पटाशी हातात धरली नाही मी. पोरीचा पाळणासुद्धा बाजारातून आणला."

मुकादम मान खाली घालून रडायला लागला.

"बायको म्हणायची, तुमचं काम चांगलंच असणार, त्यांना कळलं नसेल." पाहुणा सांध्याकडेच बघत होता. "दर वेळी म्हणायची. आणि मी तिच्यावर खेकसायचो, की तुला सुतारकामातलं काय कळतं, गप्प बस. शेवटी शेवटी म्हणायची बंद झाली ती."

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. पाहुण्याने अर्धा राहिलेला डबा बंद केला.

"कागद देऊन या वर," तो म्हणाला. "पोरीला हवाय. पण नमुना उद्या देतो. आज घरी नेऊ दे. तिच्या आईच्या फोटोपुढे ठेवायचाय."