काकांची संध्याकाळची फेरी

कॉम्प्युटर बंद करायला लागतं काय, एक क्लिक. पण चिंताताईचा कॉम्प्युटर बंद व्हायला निघाला की गप्पिष्ट पाहुण्यासारखा उंबऱ्यातच रेंगाळायचा. निघतो निघतो म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

चिंताताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या त्या छोट्या छापखान्यात ती लेबलांची मांडणी करायची. औषध किती घ्यायचं ती ओळ पुन्हा पुन्हा तपासायची, घरी निघाल्यावर जिन्यातून परत येऊन आणखी एकदा बघायची. म्हणून छापखान्याच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, तिला हे नाव ठेवलं होतं. तिला ते आवडत नसे, पण खोटं आहे असंही म्हणता येत नसे.

काकांचा एक दंडक होता. ज्याचं यंत्र त्याने डोळ्यांदेखत बंद करायचं, स्क्रीन काळी झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. नेमकं तिथेच तिचं घोडं अडायचं. तिचा मांडणीचा प्रोग्रॅम बंद होताना रोज क्रॅश व्हायचा. काम आधीच सेव्ह केलेलं असे, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. पण मग निळ्या स्क्रीनवर ‘बिघाडाचा अहवाल पाठवत आहोत, कृपया थांबा’ अशी ओळ उमटायची आणि तिच्याखाली एक पांढरं चक्र गरगरत राहायचं. चक्र तिथे फिरायचं आणि हिचा जीव इथे टांगणीला.

कारण तिकडे पाळणाघरात तिची लेक एकटीच मागे उरलेली असायची, दप्तर पाठीला अडकवून दाराशी बसलेली. पाळणाघराच्या मावशी बोलायला गोड, पण परवा त्यांनी सांगूनच टाकलं की उशीर असाच होत राहिला तर ही जागा दुसऱ्या बाळाला द्यावी लागेल, त्यांनाही त्यांचं घरदार आहे. ते ऐकल्यावर चिंताताईने रस्ताभर सुतावरून जो स्वर्ग गाठला, त्यात तिची नोकरी सुटली होती आणि लेक मोठी होऊन आईशी बोलत नव्हती.

नवऱ्याचा सल्ला एकच, वायर खेच आणि ये. तिचा हात धजेना. अहवाल पाठवणं कायमचं बंद करायची सोयही तिने शोधली होती, पण तेही पटेना. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा, तसला तो प्रकार.

मग एका संध्याकाळी काका दारात उभे राहून एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत राहिले, आणि तिचा कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत बंद झाला. दुसरी कुणी असती तर नाचत घरी गेली असती. हिच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी बघते तर चक्र पुन्हा गरगर. मग काल वेगळं काय होतं?

पुढची संध्याकाळ तिने डोळ्यांत तेल घालून पाहिली. काम आवरत आलं की काका फेरीला निघत. आधी वायफायचा डबा बंद, मग छपाईयंत्र, मग पंखे, शेवटी दिवे. त्यांनी डबा बंद केला आणि तिला एकदम लख्ख दिसलं. अहवाल जाणार कुठून? वाटच बंद. आणि परवा फोनमुळे काकांची फेरीच रखडली होती.

दुसऱ्या दिवशी काका फेरीला निघायच्या आत तिने धीर करून त्यांना डबा शेवटी बंद करायला सांगितलं. काका हसले. चोर सगळे हल्ली त्या डब्यातूनच येतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं.

“आधी दार लावायचं, मग दिवे मालवायचे, चिंताताई. घरी तू काय उलटं करतेस?”

“दार लावा ना काका, पण आतला माणूस बाहेर पडल्यावर. हा बिचारा चिठ्ठी घेऊन निघतो आणि तुम्ही त्याच्या तोंडावर कडी घालता. मग बसतो ठोठावत. आणि तो ठोठावतो तोवर माझी पोरगी तिकडे दाराशी बसून राहते. आता तिची जागाही जायची वेळ आलीय.”

काकांचं हसू मावळलं. “पोरीचं आधी का नाही बोललीस?”

“वाटलं, तुम्ही म्हणाल हिने आणखी एक चिंता शोधून काढली.”

“ते तर मी म्हणणारच आहे,” काका म्हणाले आणि छपाईयंत्राकडे वळले.

सवयच ती, पंखे बंद करता करता त्यांचा हात डब्याकडे गेलाच. छपाईयंत्रावरचा कारागीर मागून खाकरला, तसा काकांचा हात निमूट मागे आला. स्क्रीनवर ओळ उमटली, चक्र जेमतेम अर्धं फिरलं आणि सगळं काळं. काका वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. “गेली वाटतं चिठ्ठी,” ते म्हणाले. तोवर चिंताताई जिन्यात होती, आणि आज ती परत वर आली नाही.

पाळणाघरात नुसता गोंधळ चालला होता. तिला इतक्या लवकर दारात बघून मावशी हातातलं काम टाकून पुढे आल्या.

“काय झालं? घरी सगळं बरं आहे ना?”

“काही नाही हो मावशी. आता रोज याच वेळेला येणार.”

मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग, तसं असेल तर जागेचं बोलणं विसरून जा, म्हणाल्या आणि कुणाचंसं नाक पुसायला वळल्या.

लेक कोपऱ्यात दोन मैत्रिणींबरोबर उशांचं घर बांधत होती. आईला पाहून तिचा चेहरा पडला.

“आत्ताच का आलीस? अजून छप्पर राहिलंय.”

चिंताताई एका ठेंगण्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. थोड्या वेळाने उशांमागून हुकूम आला की छप्पर धरायला मोठं माणूस पाहिजे. मग पर्स खुर्चीवर ठेवून ती रांगत आत शिरली.